कंबरेपर्यंतचं कुंपण

४ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार-चमत्कार मागाहून. आधी डोकं रिकामं करते, कारण ते सकाळपासून पालथ्या पातेल्यासारखं वाजतंय.

तुमचं पत्र पोचलं. खोलीला रंग काढून घेतलात, खिडकीशी पलंग मांडलात, वाचून जीव भरून आला. मी येणार, येणारच. तुमचा दादा गेल्यापासून तुम्ही म्हणताय, "वहिनी, एकटी तिथे भिंतींशी काय बोलत बसतेस, माझ्याकडे राहायला ये." आणि मी आपली सबबींवर सबबी सांगतेय. पावाची भट्टी चालू होती तोवर भट्टीची सबब होती. आता भट्टी विकली, ओव्हनसुद्धा गेला, सबबींचं पोतं झटकलं तरी पीठ पडत नाही.

फक्त एक काम उरलंय. शेजारचं घर इतके दिवस रिकामं होतं ना, तिथे एक गृहस्थ आलेत. बँडमधून निवृत्त झालेले. बँडमध्ये तो सगळ्यात मोठा भोंगा असतो बघा, माणसाला अजगरासारखा विळखा घालून बसलेला, तो हे वाजवतात. आणि कुठे वाजवतात? मागच्या अंगणात, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घालून, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून! दोन अंगणांच्या मध्ये काय, तर एक गंजकी तार. सकाळी मी चहा गाळायला घेते आणि पलीकडून "भँऽऽऽ". काल गाळणी हातातून उडून थेट कणकेत पडली.

मी तारेपाशी जाऊन म्हटलं, "अहो, हे काय चालवलंय?"

तर हसून म्हणतात, "रियाज."

"निवृत्त झालात ना?"

"मी झालो. हा नाही झाला." असं म्हणून भोंग्याच्या पोटावर थोपटलं, जसं काही म्हैसच!

आता सांगा, हा देखावा असा उघडा टाकून मी घर सोडू कशी? उद्या कुणाला राहायला द्यायचं म्हटलं तर माणूस चहा व्हायच्या आत पळून जाईल. म्हणून मी तारेच्या कडेने झाडांचं कुंपण लावतेय. नर्सरीवाल्याला सांगितलं, "दाट हवं, बारा महिने हिरवं हवं, पानं गळून कचरा नको, फार चोचले नकोत." त्याने लगेच ओळभर रोपं काढून दिली. बारीक बारीक चकचकीत पानं, अंगाबरोबर घट्ट, जणू हिरव्या पावांची रांगच! आत्ता गुडघ्याएवढी आहेत. माझ्या डोक्यावर गेली की मी कुलूप घातलं आणि निघालेच समजा.

तुम्ही इतकी वर्षं इस्पितळात मेट्रन होतात. तुमच्या नुसत्या नजरेने वॉर्डभर चिडीचूप व्हायचं म्हणे. ती नजर पाकिटात मावत असेल तर पाठवून द्या.

तुमची वहिनी

१३ फेब्रुवारी

वहिनी,

नजर पाकिटात मावत नाही. समक्ष आणावी लागते. वेळ आली तर आणीन.

फोन करणार होते, पण फोनवर तू नुसतं "हो वन्सं, हो वन्सं" करतेस आणि ठेवल्यावर मनाचंच करतेस. कागदावर निदान सापडतेस. तेव्हा लेखी सूचना देते.

रोपांना पाणी मुळाशी, डोक्यावर नाही. पाणी साचू द्यायचं नाही. दर रविवारी उंची मोजायची आणि मला कळवायची, रुग्णाचं तापमान कळवतात तशी. त्या माणसाला कडक शब्दांत समज द्यायची. हसला की हसायचं नाही. तू हसतेस, म्हणून लोक डोक्यावर बसतात. तुझ्याकडून उधार पाव नेणारा माणूसही वर दोन बिस्किटं मागून न्यायचा, ते मी पाहिलंय.

आणि एवढं कशाला? एक झाड कुंडीत घाल आणि ये निघून. माझ्या खिडकीत ऊन चांगलं येतं. खोलीला फिकट पिवळा दिलाय. रंगाऱ्याने आधी भलताच गडद मारला होता, त्याला परत शिडीवर चढवला.

मी मजेत आहे. माझी काळजी करू नकोस. चहा करताना हात सवयीने दोन कप पाणी टाकतो, एवढंच. दुसरा कप ओतून देते.

वन्सं

११ मार्च

वन्सं,

उंची: जैसे थे. मागल्या रविवारीही जैसे थे. त्याच्या मागल्या रविवारीही. शिंप्याची टेप आणली, सुताराची पट्टी आणली, झाडाला कशाचाच धाक नाही. रुंद मात्र होतंय. उंचीचं नाव काढलं की पोट पुढे काढतं.

मग मी डोकं लढवलं. म्हटलं, आपण जन्मभर काय केलं? पीठ वर आणलं. मळलेला गोळा वर येईना झाला की काय करायचं? ओलं फडकं टाकायचं, उबेला ठेवायचं आणि कुणी झाकण उघडलं तर त्याच्या पाठीत धपाटा घालायचा. पीठ वर येतं तर पान का नाही येणार? भट्टीतली जुनी फडकी ट्रंकेत होतीच. सगळ्या ओळीला ओली करून पांघरली, वर ऊब धरायला पोती. हात लावला तर आत कसं छान दमट, गरम. माझी छाती अभिमानाने फुगली.

फुगली ती तेवढी माझी छातीच.

फडकं काढायचा दिवस आला तेव्हा मी आपली तोंड पुसून, केस विंचरून उभी. पाव काढताना मी नेहमी केस विंचरायची, आठवतं? पोतं उचललं आणि काय सांगू! पानं पिवळी, आतल्या फांद्यांवर पांढरी बुरशी आणि वास शिळ्या पावाचा. मी मटकन तिथेच बसले.

तर पलीकडून आवाज आला, "बाई, झाडाचं तोंड का दाबत होता?"

"दाबत नव्हते, फुगवत होते!"

"काय?"

"फुगवत! वर यावं म्हणून!"

तो माणूस भोंगा खाली ठेवून इतका हसला, इतका हसला की त्याला तारेला धरून उभं राहावं लागलं. मग तार तुटली. म्हणजे तो माझ्याच अंगणात येऊन पडला! उठून पायजमा झटकला आणि म्हणाला, "मी आयुष्यभर एकच गोष्ट शिकलो, बाई. दम खेळला पाहिजे. आत हवा जाऊ द्या." आणि माझी परवानगी न घेता झाडापुढे मांडी घालून बसला. आतल्या सुकलेल्या काटक्या बोटांनी मोडून काढायला लागला, वरून हिरवं तसंच ठेवून. मध्येच फुंकर मारून बघायचा, पलीकडची पानं हलतात का. हलली की पुढच्या झाडाकडे.

मला राग यायला हवा होता. पण त्याच्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं हो. तशा माणसावर कसं रागवायचं?

तुमची वहिनी

१९ मार्च

वहिनी,

झाडावर ओलं फडकं! इतकी वर्षं नोकरी केली, पण असा रुग्ण आणि असा डॉक्टर दोन्ही पाहिले नाहीत. मी एकटीच मोठ्याने हसतेय म्हणून शेजारीण डोकावली, पत्र तिला वाचून दाखवावं लागलं. आता गल्लीभर झालंय.

त्या माणसाचं हवा खेळण्याबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, एवढं मान्य. रोगट पानं वेचून लांब टाक, खाली पडलेलीसुद्धा. खताचा मारा करू नकोस, आजाऱ्याला जेवणावळ घालत नाहीत.

पण तार नवीन बसवून घे. लगेच. आणि मोज्यांकडे बघू नकोस.

वन्सं

३० एप्रिल

वन्सं,

उशीर झाला, रागावू नका. दिवस कुठे जातात तेच कळत नाही.

झाडं वाचली! नुसती वाचली नाहीत, असा टवटवीत पाला फुटलाय की बघत राहावं. आधी पोपटी, मग हळूहळू गर्द. शेंडे थोडे थोडे खुडले की झाड अजून घट्ट होतं, हे मला आता कळलंय. सकाळचं ऊन मिळतं, पाणी बेताचं, आणि खालचा सूर. म्हणजे शेजारचे म्हणतात की झाडांना खालचा सूर मानवतो. मी काही विश्वास ठेवत नाही. पण परवा ते गावाला गेले होते तर झाडं जरा मलूल वाटली, एवढं मात्र खरं.

उंचीचं म्हणाल तर वाढतंय. वाढतंय हो. घाई काय आहे? झाड म्हणजे का दूध आहे उतू जायला?

पाकिटात एक डहाळी घालतेय, बघा कशी चकाकते.

तार अजून बसवली नाही. तारवाला भेटत नाही.

बाकी तब्येत ठीक, पण एक विचारायचं होतं, तुम्ही जाणत्या म्हणून. हल्ली सकाळी उठलं की छातीत धडधडतं. भूक लागत नाही, आणि लागली तर एकदम चार पोळ्यांची लागते. काल चहात साखरेऐवजी मीठ टाकलं आणि दोघांनीही तो प्यायला, कुणीच काही बोललं नाही. परवा बाजारात गेले आणि कशाला आले तेच आठवेना, तर नुसती हसत उभी राहिले. वाणी म्हणाला, "आजी, बरं आहे ना?" वयानं होत असेल का असं?

येते मी लवकरच. झाड जरा मार्गी लागलं की निघतेच.

तुमची वहिनी

८ मे

वहिनी,

पत्र मिळालं तशी बसून लिहितेय. धडधड, भूक नाही, विसराळूपणा, कारण नसताना हसू. हे मी हसण्यावारी नेणार नाही. उद्याच्या उद्या रक्तदाब तपासून घे. साखर बघ. थायरॉईड बघ. मीठ बंद. मीठ घातलेला चहा तर मुळीच नको.

माझा निर्णय झाला. तुला एकटं ठेवण्यात अर्थ नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात टेम्पो घेऊन मी स्वतः येते तुला न्यायला. सामान बांधायला लाग. झाडांची काळजी करू नकोस, तू पाठवलेली डहाळी घेऊन मी इथल्या नर्सरीत जातेय, झटपट उंच करायचं काही औषध असेल तर घेऊनच येईन.

घाबरू नकोस. मी आहे.

वन्सं

१० मे

वहिनी,

नर्सरीत जाऊन आले.

तो माणूस डहाळी बघून म्हणाला, "ही ठेंगणी जात आहे, बाई. जन्मात कंबरेच्या वर जायची नाही. कंबरेएवढी तरी व्हायला वर्षं लागतात. तुमच्या वहिनींना त्यांच्या नर्सरीवाल्याने सांगितलंच असणार, आम्ही सगळ्यांना सांगतो."

आणि तू मला लिहितेस, वाढतंय हो, वाढतंय.

चहा "दोघांनी" प्यायला, हे मी परत वाचलं. आधी वाचलं तेव्हा मी तुझ्या तब्येतीच्या काळजीत होते.

ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. खरं काय ते लिही.

वन्सं

१७ मे

वन्सं,

लिहिते. चार वेळा बसले आणि चार वेळा उठून घर झाडलं. घर आरशासारखं झालंय. आता झाडायला काही उरलं नाही.

हो, मला माहीत होतं. फडक्यांचा प्रताप झाल्यावर मी नर्सरीवाल्याकडे तणतणत गेले होते. तो म्हणाला, "आजी, तुम्ही दाट म्हणालात, हिरवं म्हणालात, उंच कुठे म्हणालात? हे कंबरेवर जाणारच नाही." हवं तर बदलून देतो म्हणाला, पलीकडे दुसरी उंच जात उभी होती, भिंतीसारखी. मी तिच्याकडे बघितलं. आणि मला एकदम वाटलं, ही लावली तर सकाळी दिसणार काय? नुसती पानं!

मी बदलून घेतली नाही. घरी येताना रस्ताभर हसत होते. रिक्षावाला आरशातून बघत होता.

तेव्हापासूनचं काय सांगू? सकाळी मी माझ्या बाजूला स्टूल टाकते, ते त्यांच्या. मध्ये ही ओळ. कपबशी वरून देता येते, घेता येते. मी घरच्या कुकरात पाव भाजते, ते म्हणतात, "याला म्हणतात सूर लागणं." ते वाजवतात, मी म्हणते, "आज जरा करपलं." छाटणी दोघं दोन बाजूंनी करतो आणि मग भांडतो, कुणाची बाजू वाकडी. त्यांचीच असते. तो भोंगा मला वाजवायला दिला होता. गाल फुगवून फुगवून फुंकलं तर आतून इतका घाणेरडा आवाज निघाला की आम्ही दोघंही झाडाआड बसून डोळे पुसत होतो. या वयात, वन्सं! लाज वाटते लिहायला. आणि लिहिल्यावाचून राहवतही नाही.

मागच्या महिन्यात त्यांनी विचारलं. सरळच विचारलं. म्हणाले, "बाई, हे कुंपण काही वाढत नाही. मग आपण दोन्ही बाजूंनी किती दिवस बसायचं?"

मी म्हटलं, "आधी वन्संना विचारलं पाहिजे."

आणि विचारलं नाही. टाळत राहिले. तुमच्या दादाचं मन दुखेल म्हणून नव्हे. तो असता तर म्हणाला असता, "भोंगेवाल्याला आधी पाव खायला घाल, मग बघू." भीती तुमची. तुम्ही ओरडाल याचीही नव्हे, तुमच्या ओरडण्यावर तर मी जगलेय. दादाची बायको म्हणून मी तुमची वहिनी. उद्या मी दुसऱ्या कुणाची बायको झाले, तर तुमची कोण? ते नातं तुटलं तर माझ्याकडे दुसरी वन्सं नाही. तुम्ही पलंग मांडून बसलात, खोली रंगवलीत, आणि मी इथे मीठ घातलेला चहा पितेय.

तुम्ही नको म्हणालात तर नको. खरंच सांगते. टेम्पो आणा, मी चढते.

तुमची (अजून तरी) वहिनी

६ जून

वन्सं,

जूनचा पहिला आठवडा संपत आला. टेम्पो आला नाही, पत्रही आलं नाही. फोन लावला तर उचलत नाही. तुमच्या शेजारणीला लावला, ती म्हणाली तब्येत धडधाकट आहे, पण गप्प गप्प आहेत.

ओरडा. पण बोला.

वहिनी

१५ जून

माननीय बाईसाहेब,

आपल्याला काय म्हणून हाक मारावी यावर बरेच कागद फाडले. आपण ज्यांच्या वन्सं, त्यांचा मी शेजारी. भोंगेवाला. पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर पदरात घ्या.

मी बँडमध्ये सगळ्यात खालचा सूर धरायचो. वरची वाद्यं मिरवतात, टाळ्या त्यांना. आम्ही खालून उचलून धरतो. आमच्याकडे कुणी बघत नाही, फक्त थांबलो तर सगळ्यांना कळतं की काहीतरी गेलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नांत वाजवलं. स्वतःचं करायला सवडच मिळाली नाही, आणि मिळाली तेव्हा मुलीकडचे म्हणायचे, हा घरात तो डबा ठेवणार कुठे?

आपल्या वहिनींना मी मागणी घालतोय, आणि घालायची कुणाकडे, तर त्यांचं माणूस म्हणजे आपणच. त्या दुसऱ्या कुणाचं नाव घेत नाहीत. "वन्सं म्हणतात", "वन्संना आवडत नाही", "वन्सं असत्या तर तुमची खैर नव्हती", दिवसभर हेच. आपल्याला न बघता मी आपल्याला घाबरतो.

पण लिहितोय ते वेगळ्यासाठी. आपलं पत्र नाही, तेव्हापासून त्या नीट जेवत नाहीत. फाटक वाजलं की पोस्टमन म्हणून धावतात. काल पाव जाळला. त्यांनी, पाव! मी भोंगा वाजवणं बंद ठेवलंय, शोभत नाही.

आपला नकार असेल तर तो मला द्या. मी घर बदलीन, भोंगा घेऊन जाईन. पण त्यांच्याशी अबोला धरू नका. माझ्यावाचून त्या राहतील, चार दिवस रडतील आणि राहतील. आपल्यावाचून राहायच्या नाहीत, एवढं मला दिसतंय.

आपला नम्र,
शेजारी

२३ जून

वहिनी,

ओरड म्हणालीस ना? घे.

मूर्ख आहेस. पहिल्या नंबरची मूर्ख आहेस. ओलं फडकं टाकलंस तेव्हा थोडी मूर्ख वाटली होतीस, पण आता पूर्ण खात्री पटली.

तुझं मेचं पत्र आलं आणि मी ते उशीखाली टाकलं. राग आला होता. टेम्पोवाल्याला नको म्हणून सांगितलं. खोलीचं दार लावून घेतलं, तो पिवळा रंग बघवेना. रोज ठरवायची लिहू, आणि रोज वाटायचं, काय लिहू? आपल्या दादाची आठवण झाली, हे एक. पण तेवढंच असतं तर मी लगेच लिहिलं असतं.

खरं सांगते. तुला एकटं वाटू नये म्हणून ये, असं मी इतके दिवस लिहीत आले. तुला एकटं वाटत नव्हतंच. पीठ, पाव, गिऱ्हाईक, आता झाडं आणि भोंगा. तू दगडाशीसुद्धा गप्पा मारशील. एकटं मला वाटतं. निवृत्त झाल्यापासून माझ्या नजरेला कुणी घाबरत नाही, बघायलाच कुणी नाही. ती खोली मी माझ्यासाठी रंगवली होती, तुझं नाव पुढे करून. म्हणून तुझं सुख वाचून मला आनंद व्हायच्या आधी मनात आलं, की आता ही येत नाही. आणि त्याची मला लाज वाटली. म्हणून गप्प होते. तुझ्यावर रागावून नव्हे.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तू माझी कोण? अगं, दादाने तुला घरात आणलं, पण ठेवून घेतलं मी. माझी पहिली रात्रपाळी होती तेव्हा डबा घेऊन पावसात कोण उभं होतं? दादा? तो घोरत होता. तू कुणाशीही लग्न कर, बँडमधल्या सगळ्या वाद्यांशी कर, वहिनी तू माझीच. यावर चर्चा नाही.

त्या गृहस्थांचं पत्र आलं. माणूस चांगला आहे. अक्षर भयंकर आहे. त्यांना सांग, मी मुलीकडची आहे, आणि आमची मुलगी अशी सहज मिळत नाही. अटी आहेत. माझा सकाळचा चहा झाल्याशिवाय भोंगा वाजणार नाही. मोजे नवीन घ्यायचे. आणि रक्तदाब दर महिन्याला मी तपासणार, दोघांचाही.

आता विचारशील, मी इथे, तुम्ही तिथे, मी तपासणार कशी आणि माझा चहा झाला हे त्यांना कळणार कसं? तर ऐक. दोघं लग्न करणार म्हणजे दोघं एका घरात राहणार ना? का लग्नानंतरही स्टुलांवरच बसणार? मग दुसरं घर मोकळं पडलं. तू तुझं चंबूगबाळं उचल आणि हो पलीकडे. तुझ्या घरात मी येतेय. टेम्पो परत ठरवलाय, या खेपेला माझ्या सामानासाठी. रंगाऱ्यालाही विचारलंय, तो यायला तयार नाही, तेव्हा तिकडचा कुणीतरी बघून ठेव.

मी तुझ्याकडे राहायला येत नाही, हे लक्षात ठेव. तुझ्या शेजारी येतेय. भांडायला मोकळी.

वन्सं

२९ जून

वन्संऽऽऽ,

अक्षर हलतंय, मी हसतेय की रडतेय ते मलाही कळत नाही. त्यातून पलीकडे तो भोंगा असा वाजतोय की टेबलही थरथरतंय. अटी आजपासून लागू नाहीत ना? नाहीत, मीच त्यांना म्हटलंय, वाजवून घ्या.

पत्र आलं तेव्हा मी अंगणात होते. उघडायचा धीर होईना, म्हणून झाडांवरून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा शोधला. चष्मा कपाळावर होता. वाचायला लागले. "मूर्ख आहेस" वाचून पांढरेफटक पडले आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "पुढे वाचा, ही चांगली सुरुवात आहे!" मग पुढचं वाचलं. रात्रपाळीचा डबा वाचताना त्यांचा आवाज चिरकला. इतका खालचा सूर धरणारा माणूस, आणि आवाज पिपाणीसारखा! "तुझ्या घरात मी येतेय" यावर पत्र माझ्या हातात कोंबलं आणि म्हणाले, "थांबा, मी आलोच."

मला वाटलं फाटकाने येतील. चारचौघांसारखे. तर मागे चार पावलं गेले, पायजमा वर खोचला आणि आले धावत. अहो, गुडघ्याएवढी झाडं ती, पण उडी मारायचं वय तर हवं! एक पाय आला, दुसरा आला नाही. स्वारी सगळीच मधल्या झाडावर. पाठ टेकून, हात पसरून, आकाशाकडे बघत.

मी किंचाळले, "लागलं का?"

तर आडवे पडल्या पडल्या म्हणतात, "बाई, दाट आहे. गादीसारखं आहे."

काही मोडलं नाही, झाड सोडून. त्या झाडात आता भोंगेवाल्यांच्या मापाचा खड्डा पडलाय. दोन्ही बाजूंनी ओळ हिरवीगार आणि मध्ये सरळ वाट. नर्सरीवाला येऊन बघून गेला, "आजी, नवीन रोप लावून टाकतो, कळणारसुद्धा नाही."

मी म्हटलं, "खबरदार हात लावशील तर. आमच्या वन्सं तिथून चहाला येणार आहेत."

कधी येताय? मी पाणी तीन कप टाकायला लागलेय.

तुमची वहिनी